पोंक्ष्यांचं पत्र आणि भत्त्याचं ऑफिस

मुरलीधर पोंक्षे यांना एकोणऐंशी वर्षांत कुणी चोर म्हटलं नव्हतं. चिकट म्हटलं होतं, हट्टी म्हटलं होतं, आणि सासुरवाडीला तर 'माणूस चांगला आहे, पण जरा विचित्र' यावर पहिल्या दिवाळसणापासून सगळ्यांचं एकमत होतं. पण चोर कुणी म्हटलं नव्हतं. त्यामुळे मार्चमधल्या एका मंगळवारी दाराच्या फटीतून जे खाकी पाकीट आत पडलं, ते वाचून पोंक्षे जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसले. गुडघा असा की एकदा बसल्यावर उठायला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात त्यांनी ते पत्र नऊ वेळा वाचलं.

पाकिटावर पत्ता होता, 'द इस्टेट ऑफ द लेट मिसेस एस. एम. पोंक्षे'. इस्टेट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आमराई वगैरे येते. इथली इस्टेट म्हणजे नॉटिंगहॅमच्या बीस्टन भागातलं, शेजाऱ्याशी एक भिंत सामायिक असलेलं सेमी-डिटॅच्ड घर, त्यातली ओल आलेली मागची खोली, आणि गेल्या वादळात शेजारच्या डोरीनच्या बागेत अर्धं आडवं झालेलं कुंपण. आतला मजकूर थोडक्यात असा होता. पोंक्ष्यांच्या पत्नी शशीताई यांना आजारपणात देखभालीचा भत्ता मिळत असे. माणूस अठ्ठावीस दिवसांहून जास्त हॉस्पिटलात राहिला की तो भत्ता थांबतो. शशीताई सत्तेचाळीस दिवस हॉस्पिटलात होत्या. तेव्हा वरच्या एकोणीस दिवसांचे दोनशे पन्नास पौंड ऐंशी पेन्स जादा दिले गेले आहेत, ते परत करावेत.

इथपर्यंत पोंक्ष्यांची काही तक्रार नव्हती. सत्तेचाळिसाव्या दिवशी शशीताई गेल्या, त्याला दोन वर्षं झाली होती. त्या एकोणीस दिवसांचा हिशेब कुणी मागेल असं त्यांना वाटलं नव्हतं, पण मागितला तर देणारा माणूस होता तो. पत्राच्या खालच्या परिच्छेदाने मात्र घात केला. 'मिसेस पोंक्षे हॉस्पिटलात असल्याचं त्यांनी किंवा त्यांच्या वतीने कुणीही आम्हाला कळवलं नाही. उलट ६ मार्च २०२३ रोजी त्या सुखरूप असल्याचं आम्हाला लेखी कळवण्यात आलं.'

शशीताई खोटं बोलल्या, असा याचा सरळ अर्थ होता. ज्या बाईने तीस वर्षं इथल्या प्राथमिक शाळेच्या ऑफिसात नोकरी केली आणि शाळेची पेन्सिलसुद्धा कधी पर्समध्ये घालून घरी आणली नाही, ती बाई. एकदा ट्रॅममध्ये तिकीट तपासायला कुणी आलं नाही आणि तिचं तिकीट काढायचं राहून गेलं, तर उतरल्यावर स्टॉपच्या मशीनमधून तिकीट काढून ते फाडून टाकणारी बाई. पोंक्षे तेव्हा म्हणाले होते, "अगं, कुणी बघितलं नाही." त्यावर शशीताई म्हणाल्या होत्या, "मी बघितलं ना."

संध्याकाळी पोंक्ष्यांनी रीडिंग शहरात राहणाऱ्या मुलाला फोन लावला. पुष्कर एका बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये होता आणि संध्याकाळी साडेसातला नेहमी मीटिंगमध्ये असायचा.

"अडीचशे पौंड ना, बाबा? मी आत्ता ट्रान्सफर करतो. विषय संपला."

"विषय पैशाचा नाहीये."

"मग कशाचा?"

"तुझ्या आईला खोटं ठरवलंय त्यांनी. तसं नव्हतं, असं त्यांनी लिहून द्यायला पाहिजे."

"बाबा, ते लेटर कुणी माणसाने लिहिलेलं नसतं. सिस्टिम जनरेट करते. आणि खरं सांगू का, त्यापेक्षा तुम्ही स्वतःसाठी क्लेम करा. तोच भत्ता. तुमचा गुडघा बघा, हात थरथरतो. सकाळी मदतीला कुणी येईल. यू आर एन्टायटल्ड."

"ज्यांनी तुझ्या आईला चोर म्हटलं त्यांच्यापुढे मी हात पसरू? आधी तिचं नाव साफ होऊ दे. मग बघू."

"बाबा, मला दुसरा कॉल येतोय," पुष्कर म्हणाला. त्याला नेहमी दुसरा कॉल येत असे.

आता ते सहा मार्चचं पत्र काय होतं, ते सांगायला हवं. त्यासाठी पोंक्षे मिरजेच्या शाळेत पत्रलेखन कसं शिकले ते समजून घ्यावं लागेल, नाहीतर सगळा दोष बिचाऱ्या ऑफिसच्या माथी जाईल. त्यांच्या काळी पत्राला एक रीत होती. सुरुवातीला इकडील सर्व क्षेम. मग हवापाणी. मग थोरांना नमस्कार आणि लहानांना आशीर्वाद. वाईट बातमी असेल तर ती सर्वात शेवटी, आणि तीही 'काळजीचे कारण नाही' असं म्हणून चांगली गुंडाळून. पोंक्ष्यांच्या काकांचं पोट फाडून आतडं कापलं, ही बातमी घरी आली तेव्हा तिच्या आधी दीड पान भुईमूग कसा आलाय याचं वर्णन होतं. वाचणाराला रीत ठाऊक असायची, तो क्षेम ओलांडून थेट मागच्या बाजूला जायचा. पोंक्षे इंग्लंडात, साहेबाच्या देशात आले, चाळीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लोकांची रक्तं तपासली, रिपोर्ट इंग्रजीत लिहिले, पण पत्र म्हटलं की हात मिरजेच्या वळणानेच जायचा.

त्या सहा मार्चला शशीताईंनीच कॉटवरून आठवण केली होती. "अहो, त्या भत्त्यावाल्यांना कळवा. अठ्ठावीस दिवसांचा नियम आहे त्यांचा. आज पंचवीस झाले." पोंक्ष्यांनी तिथेच खुर्चीत बसून पत्र लिहिलं. शशीताईंनी ते वाचायला मागून घेतलं, कारण पोंक्ष्यांचं कुठलंही इंग्रजी त्यांनी तपासल्याशिवाय घराबाहेर जात नसे. पोंक्षे खाली चहा आणायला गेले. परत आले तोवर पाकीट चिकटवून नर्सकडे पोस्टात टाकायला दिलेलं होतं. तेव्हा कळवलं नाही म्हणणं हे शंभर टक्के असत्य होतं आणि पोंक्षे कुठल्याही कोर्टात शपथेवर तसं सांगायला तयार होते.

कोर्ट मात्र सापडत नव्हतं. ऑफिसचा पत्ता म्हणजे एक पोस्ट बॉक्स होता आणि पोस्ट बॉक्ससमोर उभं राहून भांडता येत नाही. फोन नंबर होता. तो लावला की एक बाई सांगायची, 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे', आणि मग पियानो सुरू व्हायचा. पोंक्ष्यांनी फोनजवळ खुर्ची आणली, मग स्टूल आणलं, मग चहाचा थर्मास. पियानो ऐकत ते पेपर वाचायचे, भाजी निवडायचे. मध्येच ती बाई येऊन 'आपण अजून लाइनवर आहात त्याबद्दल आभार' म्हणायची आणि पोंक्षे म्हणायचे, "नॉट ॲट ऑल." एका शुक्रवारी त्यांच्या लक्षात आलं की या आठवड्यात आपण सर्वात जास्त कुणाशी बोललो असू तर ते या रेकॉर्डेड बाईशी. त्यांनी फोन ठेवला आणि रेडिओ लावला.

डोरीनला हे सगळं कुंपणावरून कळलं. म्हणजे कुंपणाचा जो भाग उभा होता त्याच्यावरून. डोरीन ब्याऐंशी वर्षांची, एकतीस वर्षांची शेजारीण. तिचं मत ठाम होतं, आणि कुणालाही लाडाने 'मी डक', म्हणजे 'माय डक', म्हणायची तिकडची सवय होती. "एक पेनी द्यायची नाही, मी डक. माझ्या नवऱ्याच्या, रॉनच्या, पेन्शनच्या वेळी मी त्यांना सहा पत्रं पाठवली. सातव्याला ते दमले. आणि लिहून काही होत नाही, जाऊन बसायचं. म्हाताऱ्या माणसाला कुणी उठवत नाही."

पोंक्ष्यांना सल्ला पटला. ते फाईल घेऊन, टाय बांधून, गावातल्या रोजगार ऑफिसात गेले, कारण जाऊन बसता येईल असं सरकारचं तेवढंच दार त्यांना ठाऊक होतं. दारातल्या सिक्युरिटीवाल्याने नम्रपणे विचारलं की अपॉइंटमेंट आहे का. नव्हती. मग गळ्यात पट्टा अडकवलेला एक मुलगा आला, त्याने पोंक्ष्यांना बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "कुठल्या प्रकारचं काम शोधताय, सर?"

पोंक्षे म्हणाले, "काम नको. मी लॅबमध्ये सीनियर होतो. मला माझ्या पत्नीबद्दल बोलायचंय."

त्या मुलाने सगळं ऐकून घेतलं. हे काम या ऑफिसचं नाही, फोनच करावा लागेल, असं फार वाईट वाटून सांगितलं. पोंक्षे उठताना रिकाम्या हाताने जाऊ नयेत म्हणून त्याने एक पत्रकही दिलं. गुरुवारी दहा वाजता, बायोडेटा कसा लिहावा याचा वर्ग, मोफत, चहा-बिस्किटं मिळतील.

आता सांगायला संकोच वाटतो, पण पोंक्षे गुरुवारी गेले. चहा खरंच होता, आणि आठ माणसं एका टेबलाभोवती बसली होती. शिकवणाऱ्या बाईंनी प्रत्येकाला विचारलं, तुमची सर्वात मोठी ताकद कोणती? पोंक्षे म्हणाले, "चिकाटी." सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढच्या गुरुवारीही ते गेले. तिसऱ्या गुरुवारी त्यांच्या हातात एक सुबक बायोडेटा पडला आणि वर्ग संपला.

दरम्यान पोंक्ष्यांनी आपल्या मूळ पत्राची प्रत मागवली होती. ती चाळीस दिवसांनी आली. त्यांनी ती दिवाणखान्यात, चष्मा पुसून, शशीताईंच्या फोटोसमोर बसून वाचली. अक्षर त्यांचंच होतं.

'आदरणीय महोदय किंवा महोदया, ईश्वरकृपेने आम्ही उभयता इकडे सुखरूप आहोत आणि आपण व आपल्या ऑफिसातील सर्व मंडळीही सुखरूप असाल अशी आशा करतो. यंदा थंडी बरीच आहे. आपल्याकडेही असेलच. आमच्या पत्नीला आपण जो भत्ता देता त्याबद्दल आम्ही आपले आभारी आहोत. आपल्या वरिष्ठांनाही आमचा नमस्कार कळवावा.' आणि उजव्या कोपऱ्यात, खाली, बारीक अक्षरात: 'कृपया मागे पाहा.'

मागे काही नव्हतं. कोरा कागद होता. पोंक्ष्यांनी पाकीट उलटं करून झटकलं, आत फुंकर मारून पाहिली. मग पियानो ऐकत दीड तास बसून फोन लावला. पलीकडच्या तरुणाने कॉम्प्युटरमध्ये पाहून सांगितलं, "आमच्याकडे एकच पान आहे, सर."

"पण त्याच्यावर मागे पाहा असं लिहिलंय."

"हो, तसं दिसतंय."

"मग कुणी मागे पाहिलं नाही?"

तरुण म्हणाला, मूळ कागद स्कॅन झाल्यावर काही दिवसांनी नष्ट करतात. मागच्या बाजूला मजकूर होता याचा पुरावा आपल्याकडे असल्यास पाठवावा. आपण कागदाच्या दोन्ही बाजूंनी लिहितो याचा पुरावा माणूस काय देणार? पोंक्ष्यांनी तरी दिला. गेल्या बारा वर्षांच्या किराण्याच्या याद्या, सगळ्या पाठपोट लिहिलेल्या, त्यांनी पाकिटात भरून पाठवल्या. सोबत पत्र जोडलं. सुरुवात अर्थातच, ईश्वरकृपेने आम्ही इकडे सुखरूप आहोत.

या याद्या पाठवण्याची आयडिया मात्र त्यांची नव्हती, नंदूची होती. नंदू म्हणजे मराठी मंडळाचा सेक्रेटरी, पुण्याहून आलेला, पंचेचाळिशीचा, स्वभावाने फारच मदत करणारा. मदत करणारी माणसं फार सांभाळून वापरावी लागतात, हे पोंक्ष्यांना उशिरा कळलं. नंदूने मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकशे साठ लोकांना विचारलं, 'आपल्या पोंक्षे काकांना बेनिफिट ओव्हरपेमेंटची नोटीस आली आहे. कुणाला एक्सपीरियन्स आहे का? प्लीज हेल्प.' हेतू शुद्ध होता. परिणाम असा झाला की ग्रुपवर आधी शांतता पसरली, मग हात जोडलेली चित्रं येऊ लागली, मग कुणीतरी लेस्टरच्या एका वकिलाचा नंबर टाकला, 'क्रिमिनल मॅटर्समध्ये बेस्ट'.

आपल्या लोकांचंही चुकत नाही म्हणा. मंडळातली निम्मी कुटुंबं व्हिसावर. त्या व्हिसाच्या अटींत स्पष्ट म्हटलेलं असतं की सरकारी भत्त्याला हात लावायचा नाही, आणि वर्षानुवर्षं ते वाक्य वाचून या मंडळींना बेनिफिट या शब्दाचीच दहशत बसलेली. पोंक्षे पन्नास वर्षांपूर्वी आलेले, लाल ब्रिटिश पासपोर्टचे, हे कुणाच्या लक्षात राहिलं नाही. रविवारी मंडळाच्या कार्यक्रमात पोंक्षे बटाटेवड्यांच्या रांगेत उभे राहिले तर पुढची आणि मागची जागा आपोआप मोकळी झाली. नंदूची बायको शिल्पा तेवढी जवळ आली.

"काका, राग मानू नका हं," ती हळू आवाजात म्हणाली. "आमचा परमनंट रेसिडेन्सचा अर्ज जूनमध्ये जाणारे. नंदूचं नाव तुम्ही कुठल्या फॉर्मवर घातलं नाहीये ना? रेफरन्स म्हणून वगैरे?"

"नाही घातलं."

"नाही म्हणजे, तुमच्याबद्दल आम्हाला काहीच वाटत नाही. काकूंबद्दल तर नाहीच. त्या बिचाऱ्यांना कुठे कळत असेल फॉर्ममधलं."

पोंक्ष्यांनी हातातला वडा ताटलीत ठेवला. शशीला फॉर्ममधलं कळत नव्हतं, हे ऐकून कुणाशी भांडावं ते त्यांना कळेना. जिने अर्ध्या मंडळाच्या मुलांचे शाळाप्रवेशाचे फॉर्म भरून दिले होते, तिच्याबद्दल ही पोर बोलत होती. ते कोट घालून बाहेर पडले आणि ट्रॅमची वाट न बघता अर्धं अंतर चालत गेले. गुडघ्याने त्याचा सूड पुढे तीन दिवस घेतला. त्या तीन दिवसांत ते वरच्या मजल्यावर गेलेच नाहीत, खालीच सोफ्यावर झोपले. घरात दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, शेक घ्या. कुणी म्हणालं नाही, म्हणून शेक राहिला.

जूनमध्ये ऑफिसचं पत्र आलं. पोंक्ष्यांनी ते उभ्याने उघडलं. 'आपण परत केलेले दोनशे पन्नास पौंड ऐंशी पेन्स मिळाले. आभारी आहोत. हे प्रकरण आम्ही बंद करत आहोत.'

पुष्करने भरून टाकले होते. ऑनलाइन, ट्रेनमध्ये बसून, पाच मिनिटांत.

"अरे, बापाला विचारलंस?" पोंक्षे फोनवर ओरडले.

"बाबा, तीन महिने झाले. तुम्ही तब्येतीची वाट लावून घेताय. किराण्याच्या याद्या पाठवल्यात तुम्ही त्यांना. नंदू मला फोन करून विचारतो, काका ओके आहेत ना. मला किती ऑकवर्ड झालं."

"पैसे भरले म्हणजे कबूल केलं. आता कायमचं राहिलं ना कागदावर, तुझ्या आईने सांगितलं नाही म्हणून."

"आई गेलीय, बाबा. कोण वाचणारे तो कागद?"

"मी वाचतो," पोंक्षे म्हणाले. "रोज वाचतो. तू फोन ठेव. आणि परत करू नकोस."

पोरगं आज्ञाधारक, त्याने खरंच केला नाही. एक रविवार गेला, दुसरा गेला. पोंक्षे रविवारी अकरा वाजता फोनजवळच्या त्याच खुर्चीत बसून पेपर वाचायचे आणि साडेबारापर्यंत त्यांचं तेच पान चालू असायचं. तिसऱ्या रविवारी त्यांनी उचलून बघितला, फोन बंद तर नाही. चालू होता. जुलै असाच गेला. पैसे परत घ्या आणि प्रकरण उघडा, अशी दोन पत्रं त्यांनी ऑफिसला लिहिली. बंद प्रकरणावर पत्रव्यवहार होत नाही, असं उत्तर आलं. आता त्यांच्याशी भांडायलाही कुणी उरलं नव्हतं.

ऑगस्टच्या सुरुवातीला पोंक्षे बाथटबमध्ये घसरले. त्याचं वर्णन करायची गरज नाही, त्यांनाही ते आवडणार नाही. एवढंच सांगतो की त्यांना उठता येईना, आणि टबात बसल्या बसल्या त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे टॉवेल ओढून घेतला. दुसरी गोष्ट, हाक कुणाला मारायची याचा विचार. तोंडातून आपसूक 'शशी' निघालं. पाणी गार झालं तेव्हा त्यांनी टूथब्रशच्या स्टीलच्या पेल्याने भिंत ठोकली. भिंतीपलीकडे डोरीन टीव्ही बघत होती. तिच्याकडे मागच्या दाराची किल्ली होती. ती आली, तिने आधी डोळे मिटून त्यांच्या डोक्यावर आणखी एक टॉवेल टाकला, मग दोन म्हाताऱ्या माणसांनी मिळून एका म्हाताऱ्या माणसाला टबाबाहेर काढलं. मोडलं काही नव्हतं.

चहा झाल्यावर डोरीनने फोन त्यांच्या मांडीवर ठेवला. "आता तू स्वतःसाठी फॉर्म मागव, डक. मी इथेच बसलेय. मागवल्याशिवाय घरी जाणार नाही, आणि रात्री मी घोरते."

पोंक्ष्यांच्या अंगात भांडायची ताकद नव्हती. त्यांनी नंबर लावला. पियानो झाला, आभार झाले, आणि अखेर वेल्सकडच्या हेलाने बोलणारी एक बाई लाइनवर आली. पोंक्ष्यांनी नाव सांगितलं, नॅशनल इन्शुरन्स नंबर कार्डावर पाहून एकेक अक्षर सांगितला, आणि घसा साफ करून म्हणाले, "देखभालीच्या भत्त्याचा एक फॉर्म पाठवावा. तशी फार गरज नाहीये."

बाईंनी टाइप केलं. मग थांबल्या. "तुम्ही आधी मागितला होता ना फॉर्म? दोन हजार तेवीसच्या मार्चमध्ये?"

"मी नाही मागितला."

"तुमच्या नंबरावर एक पान लागलंय. हाताने लिहिलेलं. पहिलं पान दिसत नाही, हे एकटंच आहे. खाली तुमचा नंबर आहे, म्हणून तुमच्या नावावर गेलं असणार. त्यावर पुढे काही झालेलं नाही. वाचून दाखवू?"

पोंक्षे म्हणाले, वाचा. बाईंनी वाचायला सुरुवात केली.

"'याशिवाय कळवण्यास खेद वाटतो की माझी पत्नी नऊ फेब्रुवारीपासून हॉस्पिटलात आहे. आज पंचवीस दिवस झाले. काळजीचे कारण नाही. आठवड्याभरात घरी येईल. तोवर आपल्या नियमाप्रमाणे भत्ता थांबवावा, ही विनंती.'"

"हेच ते," पोंक्षे म्हणाले. "हेच ते पान. मी सांगत होतो, कळवलं होतं. ती खोटं बोलली नाही." त्यांनी डोरीनचा हात धरला आणि तिला मराठीत सांगितलं, "बघा, मी सांगत होतो ना." डोरीनने होकारार्थी मान हलवली.

बाईंनी सगळं विचारून घेतलं. शशीताईंचं प्रकरण, तारखा, भरलेले पैसे. हे पान त्या फाईलला जोडते, म्हणाल्या. प्रकरण पुन्हा उघडेल, रक्कम परत मिळेल, तसं पत्रही येईल. "त्यांनी वेळेत कळवलं होतं, असं त्यात स्पष्ट लिहायला सांगते," त्या म्हणाल्या. पोंक्ष्यांनी दोनदा आभार मानले आणि त्यांच्या वरिष्ठांना नमस्कार सांगितला.

"अजून थोडं आहे," बाई म्हणाल्या. "खालचा भाग. अक्षर वेगळं आहे. ते वाचू?"

"वेगळं?"

"बारीक आणि सरळ आहे. तुमचा नंबर यातच आहे."

पोंक्ष्यांना स्वतःचा नंबर कधी पाठ नव्हता. घरातले सगळे नंबर शशीला पाठ असायचे.

"'सर किंवा मॅडम,'" बाई वाचू लागल्या, "'हे मी माझ्या मिस्टरांना न सांगता लिहीत आहे. त्यांचा गुडघा खूप दुखतो. जिना बसून उतरतात, आंघोळीची भीती वाटते. ते स्वतः कधी सांगणार नाहीत. तुम्ही विचारलंत तरी सर्व ठीक आहे म्हणतील. त्यांच्यासाठी काही फॉर्म असेल तर कृपया घरी पाठवा. मी घरी आले की त्यांच्याशेजारी बसून भरून घेईन. शशी पोंक्षे.'"

बाई म्हणाल्या, "आम्ही तेव्हाच पाठवायला हवा होता. मला फार वाईट वाटतं." पोंक्षे म्हणाले, असू दे. फोन ठेवल्यावर ते लहान मुलासारखे रडले, आणि डोरीन, जिला पलीकडचं एक अक्षर ऐकू आलं नव्हतं, त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली. नऊ वाजता तिने त्यांना सूप गरम करून दिलं.

फॉर्म आठ दिवसांत आला, तीसेक पानांचा. पोंक्षे टेबलाशी बसले. आपल्याला आंघोळ करताना कोणाची मदत लागते का? त्यांनी पेन उचललं, 'नाही' असं लिहिलं, ते खोडलं, आणि मग पुढे काय लिहायचं ते त्यांना सुचेना. शेजारची खुर्ची रिकामी होती. थोड्या वेळाने ते उठले आणि त्यांनी रीडिंगला फोन लावला. मंगळवारची संध्याकाळ होती, साडेसात वाजले होते. पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला.

"बाबा? काय झालं?"

"मीटिंगमध्ये आहेस का?"

"नाही. बोला. बोला तुम्ही."

"एक फॉर्म आलाय. मला एकट्याला भरता येत नाहीये."

"काही हरकत नाही, बाबा. तुम्ही मला फोटो काढून पाठवा, मी इथून—"

"नको. फोटो नको," पोंक्षे म्हणाले. "तुझी आई शेजारी बसून भरून घेणार होती. ती नाहीये. तर तू ये."

पुष्कर म्हणाला, "शुक्रवारी रात्रीच येतो."